कॅनडात चौथी मोबाइल कंपनी टिकायलाच हवी

मिसिसागाकर:
काल रात्री जेवणाच्या टेबलावर माझी दोन बिलं शेजारी शेजारी ठेवली. 2019 मध्ये 10 जीबीला 75 डॉलर भरत होतो. या महिन्यात 50 जीबीला 34. मंडळाच्या हळदीकुंकवाला दोघंतिघं म्हणत होते की या स्वस्ताईने कंपन्यांची वाढ खुंटली, सरकारने आता यातून अंग काढून घ्यावं. मला हे अजिबात पटत नाही. एप्रिल 2023 मध्ये रॉजर्स या बड्या मोबाइल कंपनीने शॉ ही केबल कंपनी 2,600 कोटी डॉलरला घेतली. शॉकडची फ्रीडम मोबाइल मात्र केबेकॉर समूहाच्या व्हिडिओट्रॉन कंपनीला विकायला लागली, आणि तिचे स्पेक्ट्रमचे (मोबाइलच्या रेडिओ लहरींचे) परवाने 10 वर्षं दुसऱ्याला द्यायचे नाहीत अशी सरकारची अट पडली. त्या अटीमुळेच रॉजर्स, बेल आणि टेलस या तीन बड्यांसमोर चौथा भिडू उभा आहे. तो गेला की माझं बिल परत 75 वर जाईल.

निवृत्त_हॅलिफॅक्स:
त्या दोघातिघांत मलाही धरा. माझ्या पेन्शनला जोड म्हणून बेलचे शेअर घेऊन ठेवले होते. मे 2025 मध्ये वर्षाचा लाभांश 3.99 डॉलरवरून 1.75 वर आला. निम्म्याहून कमी! इथे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे, नवं गिऱ्हाईक यायचं ते बाहेरून. विमानतळावर उतरलेला माणूस आठवडाभरात सिम घेतो. पण 2025 साठी कायम रहिवाशांचं लक्ष्य सरकारने 5 लाखांवरून 3,95,000 वर आणलं, विद्यार्थ्यांचे व्हिसाही कमी केले. म्हणजे माणसं कमी आणि वरून दरयुद्ध. शेवटी बेलने अमेरिकेत जाऊन झिप्ली फायबर ही इंटरनेट कंपनी विकत घेतली. घरात वाव असता तर ती बाहेर कशाला गेली असती?

विनिपेगची_मावशी:
काका, तुमचं दुखणं कळतं. पण आमच्या मॅनिटोबाकडे बघा. इथे एमटीएस ही प्रांतातलीच एक स्वतंत्र फोन कंपनी होती. तिच्यामुळे भरपूर डेटाचे प्लॅन आम्हाला टोरांटोपेक्षा कितीतरी स्वस्त मिळत. 2017 मध्ये बेलने ती घेतली आणि चाराच्या तीन झाल्या. ती स्वस्ताई पुढे राहिली नाही. गेलेला स्पर्धक परत येत नाही हो. स्पेक्ट्रम, टॉवर, दुकानं सगळं पहिल्यापासून उभं करायला कोणाकडे पैसा आहे?

टॉवरवाला_थंडर_बे:
पैसा कोणाकडे आहे, हाच तर माझा प्रश्न आहे. मी उणे 35 मध्ये टॉवरवर चढतो. आमची एक साइट हमरस्त्यापासून बरीच आत आहे. तिथे वीज नाही, डिझेल जनरेटर आहे, आणि हिवाळ्यात त्याचं इंधन पोचवणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं. त्या टॉवरवर गिऱ्हाईक किती, तर दोन वस्त्या. त्याचा खर्च टोरांटोच्या बिलातून निघतो. आणि वर सीआरटीसीचा, म्हणजे दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम: तुम्ही फायबर टाका, दुसऱ्याला भाड्याने द्या. 2023 मध्ये हा नियम येताच बेलने 100 कोटी डॉलरहून जास्त गुंतवणूक कमी करत असल्याचं जाहीर केलं. नियम आणला छोट्यांसाठी, आणि ऑन्टारिओत बेलच्या तारांवरून इंटरनेट विकतेय कोण? टेलस! खड्डे खणणारा एक आणि बिल फाडणारा दुसरा, ही कसली स्पर्धा?

मिसिसागाकर:
टेलसबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिघा बड्यांतल्या कोणालाच ती सवलत द्यायला नको होती. पण जाळी थोड्या हातांत राहिली की काय होतं, तेही आठवा. 8 जुलै 2022 ला रॉजर्सचं जाळं पडलं आणि 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहक अडकले. डेबिट कार्डाचे व्यवहार चालवणारं इंटरॅकही बंद, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्यालाही डेबिट कार्डाने दूध घेता येईना. कित्येकांचा 911 या आणीबाणीच्या नंबरला फोन लागला नाही. टॉवर मोठ्यांनीच बांधावेत असं म्हणता, तर सस्कॅचेवानचं काय? तिथेही माणूस विरळच, पण प्रांताची सॅस्कटेल टॉवर बांधते आणि मोठ्यांना टक्करही देते.

टॉवरवाला_थंडर_बे:
सॅस्कटेल सरकारी आहे, तिचा नफा प्रांताच्या तिजोरीत जातो. काकांना दर तिमाहीला लाभांश द्यायचं ओझं तिच्यावर नाही. तसली कंपनी उत्तर ऑन्टारिओत काढत असाल तर मी उद्या अर्ज करतो. पण व्हिडिओट्रॉनने माझ्या त्या दोन वस्त्यांत एक तरी टॉवर उभारलेला दाखवा, मग तुमची चौथी कंपनी मला पटेल.

विनिपेगची_मावशी:
मग परवान्यातच तशी अट घाला ना, अमुक वर्षांत अमुक वस्त्यांत टॉवर. अटी घालता येतात हे 2023 मध्ये दिसलंच आहे. आणि काका, तुमची मुलगी कॅलगरीत असते ना? तिचं बिल किती येतं, ते विचारून इथे लिहा.