मदत हवी आहे: ताब्याच्या केसमध्ये मुलाची मानसिक तपासणी, त्याला आधी काय सांगू?

सांजसावली:
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

मी आणि नवरा दीड वर्षापासून वेगळे राहतो. मुलगा आठ वर्षांचा. आठवडाभर माझ्याकडे, शनिवार-रविवार त्याच्या बाबांकडे. ताब्याची केस सुरू आहे आणि मागच्या तारखेला कोर्टाने त्याच्या मानसिक तपासणीसाठी एका बालमानसतज्ज्ञ बाईंना नेमलं. पहिली भेट तीन आठवड्यांवर आली आहे.

रविवारी परत आला की तो तासभर कुणाशी बोलत नाही. नखं कुरतडतो. सोमवारी सकाळी हमखास पोटात दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. पण शाळेतल्या बाई म्हणतात, वर्गात तो अगदी हसतखेळत असतो. बाबांचं म्हणणं, त्यांच्याकडे त्याला कसलाच त्रास नाही, मीच त्याचे कान भरते. त्यांच्या वकिलांनी अर्जात 'पॅरेंटल एलियनेशन', म्हणजे एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणं, असं लिहिलंय. ते वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे.

माझे वकील म्हणतात, कोर्टाच्या तज्ज्ञांआधी आपण खाजगी मानसतज्ज्ञाकडून अहवाल करून घेऊ. घ्यावा का? मुलाला काय सांगून न्यायचं? 'खरं तेच सांग' एवढं तरी म्हणावं, की तेही नको? आणि गेले तीन-चार महिने दर रविवारी रात्री मी त्याला तिकडे काय काय झालं ते विचारते आणि मोबाइलवर रेकॉर्ड करते. १४ क्लिप्स झाल्या आहेत. दोन-तीन क्लिप्समध्ये बाबा ओरडल्याचं, एकदा खोलीत कोंडल्याचं तो सांगतो. त्या ऐकवाव्यात का?

खरी भीती वेगळीच आहे, तीही लिहून टाकते. तिथे जाऊन तो 'मला बाबांकडे राहायचंय' म्हणाला तर?

शब्दवेडा:
अहवाल आधी करून घ्याच. समोरची बाजू गप्प बसणार नाही. क्लिप्सही जपून ठेवा, माझ्या मित्राला त्याच्या केसमध्ये उपयोग झाला होता.

मनमोकळी:
ताई, मी मुलांच्या मानसिक तपासण्या करते, त्यात ताब्याच्या केसेसही असतात. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्याच्याविषयी मत देणार नाही. पद्धत कशी असते ते सांगते.

शब्दवेडा, अहवालाबाबत मी सहमत नाही. एकाच पालकाने आणलेल्या मुलाला पाहून, दुसऱ्याला न भेटता, ताब्याबद्दल मत देणं आमच्या व्यवसायाच्या नीतीत बसत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या तपासण्यांसाठी १९९४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. पुढे ती सुधारली गेली, पण माहिती अनेक मार्गांनी गोळा करा आणि ज्याला नीट तपासलं नाही त्याच्याविषयी ठाम बोलू नका, हा आग्रह कायम आहे. शिवाय तेच प्रश्न, त्याच चाचण्या मुलाने दोनदा दिल्या की दुसऱ्या वेळची उत्तरं घोकल्यासारखी होतात. पोटदुखी आणि घुसमट यांसाठी समुपदेशकाकडे जरूर न्या, पण उपचार म्हणून. उपचार करणारी व्यक्ती आणि कोर्टाला अहवाल देणारी व्यक्ती वेगवेगळी असावी.

कोर्टाच्या तज्ज्ञ साधारणपणे तुम्हा दोघांना वेगवेगळं भेटतील, मुलाला एकट्याला भेटतील, मग तो आईबरोबर आणि बाबांबरोबर कसा वागतो ते पाहतील. शाळेशी बोलतील, प्रश्नावल्या भरून घेतील. घरचं आणि शाळेचं चित्र जुळत नाही याने घाबरू नका. ॲकेनबाक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या भूमिकांतल्या लोकांनी एकाच मुलाबद्दल दिलेल्या माहितीतला सहसंबंध सरासरी ०.२८ इतकाच निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही). मूल जागेप्रमाणे बदलतं. बाईही खऱ्या असतील आणि तुम्हीही. कुटुंबाचं चित्र काढायला सांगतील, त्यात बाबा कोपऱ्यात आले म्हणून निकाल लागत नाही. चित्र हे मुलाला बोलतं करण्यासाठी असतं.

'एलियनेशन'बद्दल थोडक्यात. रिचर्ड गार्डनर या अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये त्याला 'सिंड्रोम' म्हटलं, पण २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन संदर्भग्रंथात, असं कोणतंही निदान नाही. मूल एका पालकाला टाळतं त्यामागे कान भरणं असू शकतं, त्या पालकाचं खरोखर वाईट वागणं असू शकतं, किंवा नुसती ताटातुटीची धास्ती. यातलं काय आहे हे शोधणं हेच तज्ज्ञांचं काम.

आता क्लिप्स. हे वाचताना वाईट वाटेल, तरी लिहिते. लाइक्टमन आणि सेसी यांनी १९९५ मध्ये ३ ते ६ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग आहे. सॅम स्टोन नावाचा माणूस वर्गात येतो, दोन मिनिटं थांबतो, काहीही न बिघडवता जातो. काही मुलांना तो धांदरट असल्याचं आधीच सांगून ठेवलं होतं आणि नंतर अनेक आठवडे 'त्याने पुस्तक फाडलं ना?' अशा धाटणीचे प्रश्न विचारले गेले. शेवटी त्यांतल्या ३-४ वर्षांच्या बहुतेक मुलांनी त्याने काहीतरी खराब केल्याचं सांगितलं. ती खोटं बोलत नव्हती. तुमचा मुलगा मोठा आहे, इतका सहज वाहवत जाणार नाही. पण १४ रविवार आईच्या चेहऱ्याकडे बघत उत्तरं दिल्यावर कोंडल्याची गोष्ट मुळात कशी होती, हे वेगळं काढणं अवघड होतं. याचा अर्थ ती घडली नाही असा मुळीच नाही. ती वकिलांना आजच सांगा, तारखेची वाट बघू नका. फक्त त्याला पुन्हा विचारू नका.

निशिगंध:
मी नऊ वर्षांची असताना त्या खुर्चीत बसले आहे. आई म्हणाली, खरं तेच सांग. बाबाही म्हणाले, खरं तेच सांग. दोघांचं खरं वेगळं होतं आणि मला दोन्ही पाठ होती. आत गेल्यावर मी मिटून बसले, त्या बाईंनी काय विचारलं तेही आठवत नाही. ताई, ते वाक्य नका म्हणू.

सांजसावली:
निशिगंध, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

मनमोकळी, क्लिप्स पुन्हा ऐकल्या. सहाव्या क्लिपमध्ये मी विचारते, 'दार बाहेरून लावलं होतं का?' त्याआधी तो दाराबद्दल काहीच बोललेला नाही. मला तेव्हा हे जाणवलंसुद्धा नव्हतं. खाजगी अहवालाला नाही म्हणून कळवलं.

या रविवारी काही विचारलं नाही. जेवण झालं, अंथरुणं घातली. तो उशीवर डोकं ठेवून माझ्या मोबाइलकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'आज नाही विचारणार?' मी नाही म्हटल्यावर कुशीवर वळून झोपला. सोमवारी पोट दुखलंच, पण शाळेत गेला.

काल त्याला तपासणीबद्दल सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न: 'मी जे बोलेन ते त्या बाई बाबांना सांगणार?' मला उत्तर सुचलं नाही. काय सांगू?

मनमोकळी:
'नाही सांगणार' असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. तिथलं बोलणं अहवालात येऊ शकतं आणि तो अहवाल दोन्ही बाजू वाचू शकतात. असं म्हणा: 'त्या बाई तुझं म्हणणं न्यायाधीशांना कळवतील, ते आईला आणि बाबांनाही कळू शकेल. एखादी गोष्ट सांगायची नसेल तर त्यांना तसं सांग. कुणाकडे राहायचं ते मोठी माणसं ठरवतील, तुला ठरवायचं नाहीये.' शेवटचं वाक्य गाळू नका, मुलांना त्याच ओझ्याची भीती असते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम मुलाला आपलं मत मांडण्याचा हक्क देतं आणि वय व समज पाहून त्याला वजन द्या म्हणतं. निर्णय त्याच्यावर टाका असं म्हणत नाही. तो 'बाबांकडे' म्हणाला तरी तज्ज्ञ तिथे थांबत नाहीत, का म्हणाला ते बघतात. आणि तो तसं म्हणालाच तर घरी त्याला त्याचा जाब द्यावा लागू नये, एवढं तुमच्या हातात आहे.

सांजसावली:
जसंच्या तसं सांगितलं. त्याने विचारलं, 'मी काहीच नाही बोललो तर?' चालेल म्हटलं.

कोंडल्याचं वकिलांना लेखी दिलं. १४ च्या १४ क्लिप्सही त्यांच्याकडे दिल्या, माझे प्रश्न न कापता. भेट मंगळवारी आहे.