गणित आधी, उपयोग मागाहून

गणित कुठे उपयोगी पडतं असं विचारलं की हिशेब, व्याज, मोजमाप ही उदाहरणं दिली जातात. ती बरोबरच आहेत, पण त्यातून गणित म्हणजे आकडेमोड असा समज होतो. मला जास्त नवल वाटतं ते उपयोग डोळ्यांपुढे नसताना मांडल्या गेलेल्या गणिताचं.

योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञानं १९१७ साली दाखवलं की एखाद्या आकृतीतून सर्व दिशांनी जाणाऱ्या रेषांवरच्या बेरजा (म्हणजे प्रत्येक रेषेवरच्या बिंदूंच्या मूल्यांची बेरीज) माहीत असतील, तर मूळ आकृती परत मिळवता येते. सीटी स्कॅनचं मर्म हेच. प्रत्येक क्ष-किरण शरीरात एकूण किती शोषला गेला, एवढंच यंत्राला कळतं. आतलं चित्र गणितानं उभं करावं लागतं. गंमत म्हणजे अ‍ॅलन कॉर्मॅक यांनी १९६३-६४ मध्ये हा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला, राडोनचं काम त्यांना बऱ्याच नंतर समजलं. १९७९ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि सीटी स्कॅनचं यंत्र बनवणाऱ्या हाउन्सफील्डना मिळालं. एक भौतिकशास्त्रज्ञ, दुसरा अभियंता. डॉक्टर कुणीच नाही!

आणि 'शाळेत शिकलेल्या बहुपदी (x² + 3x + 2 सारख्या राशी) पुढे कुठे लागतात?' असंही विचारलं जातं. त्याचं उत्तर: क्यूआर कोडमध्ये. दोन बिंदूंनी रेषा ठरते. तिच्यावरचे पाच बिंदू पाठवले आणि त्यातले तीन हरवले तरी रेषा सापडते. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये हीच कल्पना बहुपदींवर बेतली: माहिती बहुपदीत गुंफायची आणि गरजेपेक्षा जास्त बिंदू पाठवायचे. म्हणूनच सर्वांत वरच्या संरक्षण-पातळीचा कोड सुमारे ३० टक्के खराब झाला तरी वाचता येतो. व्हॉयेजर २ या अंतराळयानानं युरेनस ग्रहाजवळून पाठवलेली छायाचित्रंही याच पद्धतीनं सांभाळली गेली.