रि: रि: गणपतीचे प्रायोजक (कॉईनवाले), आज उत्तर हवंय

खजिनदार:
मंडळी, हॉलवाल्याला शुक्रवारपर्यंत अनामत द्यायची आहे. क्रिप्टोकरन्सी विकणाऱ्या त्या कॉईनवाल्यांचा परत फोन येऊन गेला. स्टेजवर बॅनर, मध्यंतरात पंधरा मिनिटं आणि दाराशी एक टेबल दिलं की उद्या पैसे टाकतात. मुलं सांगलीचीच, बोलायला नीट. हरकत असेल तर आजच कळवा. गेल्या वर्षीसारखं ऐन आरतीच्या वेळी नको.

मंदार:
माझी हरकत आहे. साइटवर 'आमची टीम' म्हणून सहा फोटो आहेत, ते गूगलवर टाकून शोधले. त्यातले 'आर्थिक सल्लागार' एका फोटो विकणाऱ्या साइटवर 'हसरा दंतवैद्य' म्हणून मिळतात. मुख्य तंत्रज्ञाचं लिंक्डइन खातं तीन महिन्यांचं, जुना सहकारी एकही नाही. गिटहबवरचा (कोड सगळ्यांना दाखवायची साइट) कोड दुसऱ्या कॉईनचा उचललेला. दोन ठिकाणी जुनं नाव बदलायचंही राहून गेलंय. आणि एकूण कॉईनपैकी ४० टक्के टीमकडे, लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ विकायला बंदी, काही नाही. भाव चढला की विकून मोकळे. २०१८ मध्ये मिरोस्की नावाच्या कॉईनवाल्यांनी तर ग्राफिक डिझायनर म्हणून रायन गॉसलिंगचा फोटो लावला होता!

वहिनी:
मंदार, फोटोचं काय घेऊन बसलास? मंडळाच्या साइटवर आपल्या अध्यक्षांचा फोटो २००६ चा आहे, अजून डोक्यावर केस आहेत. आणि बिटकॉईन काढणारा सातोशी नाकामोतो कोण, हे तरी कुणाला ठाऊक आहे? चाललंय ना ते? यांच्या पत्रकावर 'सरकारला कर भरतो' असं स्पष्ट लिहिलंय.

मंदार:
वहिनी, भारतात ३० टक्के कर २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सगळ्यांनाच आहे. कर घेतला म्हणजे सरकारनं हमी घेतली असं होत नाही. सातोशीनं यांच्यासारखं महिन्याला १० टक्के देतो असं कुणाला सांगितलं नव्हतं. कोड उघडा ठेवला, ज्याला तपासायचा त्यानं तपासावा. इथे माणसांवर विश्वास ठेवा म्हणतात, तर माणसं दिसायला नकोत? आणि नाव-चेहरा खरा असूनही भागत नाही. वनकॉईन नावाच्या बनावट कॉईनची रुजा इग्नातोवा २०१६ मध्ये लंडनच्या वेम्ब्लीत स्टेजवर उभी होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये सोफियाहून अथेन्सला विमानानं गेली ती गेलीच. त्या कॉईनमागे ब्लॉकचेन, म्हणजे व्यवहारांची सगळ्यांना तपासता येणारी वही, नव्हतीच.

खजिनदार:
प्रायोजक हा विषय माझ्याकडे आहे, हे मंडळाच्या घटनेत लिहिलंय. तपासणी करायची होती तर जूनच्या मीटिंगला यायचं होतं.

इस्लामपूरकर:
२०१९ चं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण विसरलात? आमच्या मेव्हण्यानं कर्ज काढून शेड बांधली. अंडी-कोंबड्या आम्हीच उचलणार म्हणून सांगणारी माणसं जवळचीच, लग्नात पंगतीला शेजारी बसलेली. पुढं खाद्य यायचं बंद झालं. रात्री कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायच्या, तो आवाज अजून बहिणीच्या कानात आहे. तेव्हा 'मुलं आपलीच' हे मला सांगू नका.

आप्पा (सध्या भारतात, मुक्काम सांगली):
मंडळी, गुडघ्यामुळं महिनाभर इथंच आहे. काल रिक्षा करून विश्रामबागला त्यांच्या ऑफिसात जाऊन आलो. दोन खोल्या, मोठा फ्लेक्स, गणपतीच्या तसबिरीला ताजा हार. टेबलावर वही. तीत नाव, मोबाईल, आणि तिसरा रकाना 'कुणामार्फत'. माझ्या आधी हळदीच्या पेठेतले दोघं हमाल सही करून गेले होते. टीममधलं कोण भेटेल विचारलं तर म्हणे सर दुबईला. बरं, कोड कोण लिहितं? पोरगी म्हणाली, "रेफरल कोड ना काका? तो मीच देते की." चहा मात्र फक्कड होता.

वहिनी:
अगंबाई. हमालांचे पैसे? माझी हरकत धरा.

खजिनदार:
ठीक आहे, कळवतो त्यांना. पण मग अनामत कोण भरणार ते सांगा. नुसत्या हरकतीनं हॉल मिळत नाही.

मंदार:
घरटी वर्गणी वाढवा. माझी आज पाठवतो.

इस्लामपूरकर:
माझीही धरा. आप्पा, येताना भडंग आणणार ना? मागच्या वेळी कस्टमवाल्यानं पाकीट फोडून हुंगलं होतं, या वेळी सीलबंद आणा.

आप्पा:
भडंगाची यादी मला वेगळ्या मेलनं पाठवा. इथं नको, खजिनदार रागावतील.