लेमन्सच्या रेससाठी जुनी जॅग्वार एक्सजे-६ तयार करतोय, सुरुवात कुठून करू?

मिशिगनचा_पुणेकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे पण इथे जुन्या गाड्यांची मनापासून आवड असलेले लोक आहेत म्हणून इथेच विचारतोय.

आम्ही पाच मित्र, सगळे डेट्रॉइटच्या आसपास राहतो आणि २४ अवर्स ऑफ लेमन्समध्ये उतरायचं ठरवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही हौशी लोकांची एन्ड्युरन्स रेस आहे, २००६ पासून अमेरिकेत चालते, गाडी ५०० डॉलरच्या आत बसवायची असते, फक्त सेफ्टीचं सामान, ब्रेक, चाकं आणि टायर त्या हिशोबात धरत नाहीत. बहुतेक रेस शनिवार-रविवार अशा दोन दिवसांत विभागलेल्या असतात आणि ड्रायव्हर बदलत बदलत गाडी दिवसभर पळवायची. आमचा डोळा साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर आहे कारण घरापासून ट्रेलर ओढत नेता येईल.

गाडी मिळालीये १९८५ ची जॅग्वार एक्सजे-६, सिरीज थ्री, ४.२ चं सहा सिलिंडर इंजिन, तीन गिअरचं ऑटोमॅटिक. एका आजोबांच्या गॅरेजात कित्येक वर्षं उभी होती. आतलं लाकूड आणि लेदर बघून आमच्यातल्या एकाच्या डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगतो. इंजिन चालू होतं, आवाज गोड आहे, पण उभ्या उभ्या वीसेक मिनिटांत तापमानाचा काटा वर चढायला लागतो. ब्रेकचं पेडल मऊ लागतं. डिक्कीत पेट्रोलचा वास येतो.

आता आमच्यात दोन गट पडलेत. दोघं म्हणतात हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडायचं, त्याच्या खालचं सील म्हणजे गॅस्केट नवीन टाकायचं आणि मगच पुढे जायचं. बाकीचे म्हणतात इंजिनाला हात लावू नका, ब्रेक आणि टायरवर पैसे घाला. मी मधे अडकलोय. पैसे मोजके आहेत, वेळ फक्त शनिवार-रविवार मिळतो. तुम्ही असता तर पहिलं काय केलं असतं?

कोव्हेंट्रीचा_बंड्या

वा, दिल खुश झालं वाचून. माझ्याकडे सिरीज थ्रीच आहे, रोजची नाही पण चालती आहे, त्यामुळे या इंजिनाबद्दल थोडं बोलू शकतो.

हेड आत्ताच उघडू नका. या ४.२ च्या ब्लॉकमध्ये हेड धरून ठेवणारे स्टड (बोल्ट) लांब असतात, पाण्याच्या जागेतून पार खालपर्यंत जातात, आणि चाळीस वर्षांत ते गंजतात. उघडायला गेलात की एखादा तुटणार आणि मग तुमची रेस गॅरेजातच संपणार. आधी खात्री करा की गॅस्केट गेलंय का. रेडिएटरच्या तोंडावर लावायची ती निळ्या द्रवाची टेस्ट मिळते, ज्वलनाचा गॅस पाण्यात येत असेल तर रंग पिवळा होतो, स्वस्तात काम होतं. सोबत सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब) बघून घ्या.

माझा अंदाज असा की गॅस्केट ठीक असेल आणि तापण्याचं कारण गाळ असेल. या ब्लॉकच्या मागच्या बाजूला, म्हणजे फायरवॉलकडच्या सिलिंडरांभोवती, वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ साठून घट्ट बसतो, नुसतं पाणी बदलून तो हलत नाही. ब्लॉकचा ड्रेन प्लग काढा, त्यातून पाणी येतंच नसेल तर समजा तिथे गाळ आहे. तारेने उकरा, जमलं तर कोअर प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची झाकणं) काढून दोन्ही बाजूंनी पाण्याचा जोर मारा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. हे घाणेरडं आणि कंटाळवाणं काम आहे पण तुमच्या अख्ख्या तयारीतलं सगळ्यात मोलाचं तेच ठरेल. रेडिएटर काढून साफ करायला द्या किंवा बदला, एसी काढणारच असाल तर पुढचा कंडेन्सरही निघेल आणि रेडिएटरला हवा सरळ मिळेल, पैसे शून्य.

अजून एक, कॅम कव्हर उघडून एक्झॉस्टच्या बाजूचे टॅपेट गाइड (व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट ज्यांत सरकतात त्या नळ्या) बघा. नंतरच्या हेडमध्ये ते सैल होऊन वर सरकतात आणि कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) आपटतात. ते दाबून ठेवणाऱ्या पट्ट्यांचं किट मिळतं, ड्रिल करून स्क्रू लावायचे, हेड काढावं लागत नाही. तासन्तास जोरात पळवायच्या गाडीत हे मी सोडणारच नाही.

आणि तुम्हाला हे माहीत असेलच तरी लिहितो कारण मला लिहायचंय: हे एक्सके घराण्याचं इंजिन आहे, १९४८ साली आलं, आणि याच इंजिनाच्या जोरावर जॅग्वारने ल मॉं (फ्रान्समधली चोवीस तासांची रेस) पाच वेळा जिंकलं, १९५१, ५३, ५५, ५६ आणि ५७. म्हणजे चोवीस तास पळणं त्याच्या रक्तात आहे, फक्त त्याला थंड ठेवा.

जर्सी_गॅरेज

मी लेमन्समध्ये न्यू जर्सीच्या ट्रॅकवर टीमसोबत चालवलंय म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. इंजिनाची चर्चा छान आहे पण तुमचा पहिला खर्च आणि पहिला वेळ केजवर (ड्रायव्हरला वाचवणारा आतला पाईपचा पिंजरा) जायला हवा. ५०० डॉलर हा आकडा ऐकायला मजेशीर वाटतो, प्रत्यक्षात रोल केज, सीट, हार्नेस, आगीची सिस्टीम, किल स्विच (गाडी एका झटक्यात बंद करणारा) आणि प्रत्येक ड्रायव्हरचा सूट, हेल्मेट, मान वाचवणारं हान्स डिव्हाइस धरलं तर गाडी त्या सगळ्यात सगळ्यात स्वस्त वस्तू असते. केजच्या पाईपची जाडी गाडीच्या वजनाप्रमाणे ठरते आणि तुमची जॅग चांगलीच जड आहे, त्यामुळे वेल्डरकडे जाण्याआधी चालू वर्षाचं रूलबुक छापून घेऊन जा. जुन्या फोटोवरून केज बनवू नका. रेसआधीच्या तपासणीला (टेक इन्स्पेक्शन) केज नापास झाला तर तुम्ही ट्रॅकवर उतरतच नाही, काही विनवण्या चालत नाहीत आणि चालू पण नयेत.

किल स्विचबद्दल एक गोष्ट बरेच जण विसरतात. नुसती बॅटरी तोडली तर चालू इंजिन अल्टरनेटरवर चालतच राहतं. इंजिन चालू असताना स्विच फिरवला की ते बंद पडलं पाहिजे, म्हणून इग्निशनही तोडणारा जास्त टर्मिनलचा स्विच घ्या आणि घरीच तपासा.

आता डिक्कीतला पेट्रोलचा वास. हे ऐकून मला काळजी वाटली. या गाडीला दोन टाक्या असतात, मागच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यात एकेक, मिळून नव्वदच्या वर लिटर. एन्ड्युरन्सला ते वरदान आहे, पण टाक्या आतून गंजतात आणि टाकी बदलायचे व्हॉल्व्ह अडकले तर एका टाकीतून उचललेलं पेट्रोल परत दुसऱ्याच टाकीत जातं आणि ती भरून वाहू लागते. दोन्ही टाक्या काढा, धुवा, तपासा. बॉनेटखालचे इंजेक्टरचे छोटे रबरी होज पण सगळेच्या सगळे बदला, चांगले दिसत असले तरी. चाळीस वर्षांचं रबर गरम इंजिनाजवळ, याहून वाईट काय असणार. हे पाचशेत धरतात का नाही याचा विचारसुद्धा करू नका, आगीपुढे दोन-चार पेनल्टी लॅप (खर्च जास्त झाला म्हणून वजा होणाऱ्या फेऱ्या) काहीच नाहीत.

लाकूड, लेदर, एसीचा कॉम्प्रेसर, रेडिओ हे सगळं नीट काढून विका. विकलेल्या भागांचे पैसे गाडीच्या किमतीतून वजा होतात, जजना दाखवायला पावत्या जपून ठेवा.

हायवेवाला

जॅग्वार का पण? जुनी सिव्हिक घ्या, दोन दिवस काही न करता पळेल.

मिशिगनचा_पुणेकर

हायवेवाला, बरोबर आहे तुमचं, सिव्हिक जास्त लॅप मारेल. पण लेमन्समध्ये गाड्यांचे ए, बी, सी असे वर्ग करतात (ए सगळ्यात वेगवान, सी सगळ्यात संथ), आमची बहुतेक सीमध्ये जाईल, आणि लेमन्समधला सगळ्यात मानाचा पुरस्कार इंडेक्स ऑफ एफ्लुअन्सी हा अशाच गाडीला मिळतो जिच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती आणि तरी ती पळाली. आम्हाला ही गाडी पळवायचीये. हिला भंगारात जाताना बघवणार नाही.

बंड्या दादा, निळ्या द्रवाची टेस्ट केली, रंग बदलला नाही! आणि ड्रेन प्लग काढला तर खरंच थेंब आला नाही, तार घातल्यावर तपकिरी चिखल यायला लागला. हेड उघडायचा विषय बंद.

जर्सी दादा, टाक्या काढायला घेतल्यात, डाव्या टाकीच्या तळाला गंजाची बारीक भोकं आहेत, वास तिथूनच. ब्रेकचं कुणी सांगा ना, मागचे ब्रेक बघायला वाकलो तर चाकात डिस्कच नाही.

कोव्हेंट्रीचा_बंड्या

मागच्या डिस्क चाकात नाहीत, आत आहेत, डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) चिकटून दोन्ही बाजूंना. चाकांवरचं वजन कमी राहतं म्हणून गाडी गादीवर चालल्यासारखी जाते, पण ट्रॅकवर हीच तुमची खरी परीक्षा. तिथे हवा पोचत नाही, डिस्कची उष्णता सरळ डिफमध्ये जाते, ऑइल सील भाजतात, ऑइल गळतं आणि ते थेट डिस्कवर पडतं. म्हणून मागचा सगळा सबफ्रेम (डिफ आणि ब्रेक धरणारा सांगाडा) एकदा खाली उतरवाच. ऐकायला भीती वाटते पण जॅक नीट असतील तर तिघांत एका दिवसाचं काम आहे. सील नवीन, कॅलिपर नवीन किंवा रिकंडिशन, माउंटिंगचे रबर नवीन, डिफचं ऑइल चांगल्यातलं. ब्रेक हिशोबात धरत नाहीत त्याचा पुरेपूर फायदा घ्या.

मग गाडीखालून दोन जाड पाईप डिस्ककडे वळवा म्हणजे वारा मिळेल. आणि आतलं सगळं काढलेलंच असेल तर मागच्या सीटच्या खालच्या पत्र्यात एक झाकण कापून घ्या, म्हणजे पॅड वरून बदलता येतील, नाहीतर रेसच्या मधे गाडीखाली झोपून गरम डिफशी झटावं लागेल. झाकण मात्र पत्र्याचं, बोल्ट लावून आणि कडा सील करून, कारण ड्रायव्हर आणि इंधनाच्या मधे भोक चालत नाही.

पुढे सोपं आहे, पॅड दोन पिना काढून निघतात. ट्रॅकचे पॅड टाका, होज सगळे नवीन, ब्रेक ऑइल उच्च उकळबिंदूचं आणि शनिवारी रात्री पुन्हा ब्लीड करा (नळ्यांतली हवा काढा).

पिंपरीचा_वायरमन

मी पुण्यात जुन्या गाड्यांची वायरिंग करतो, एक्सजे दोनच हाताखालून गेल्यात पण दुखणं सगळ्या जुन्या गाड्यांचं सारखंच असतं. २००८ ला टाटांनी जॅग्वार घेतल्यापासून इथे नव्या गाड्या दिसायला लागल्या, जुन्या मात्र हौशी लोकांकडेच.

दादा, वायरिंग दुरुस्त करत बसू नका, कमी करा. रेसला लागतं काय? इग्निशन, इंजेक्शन, पेट्रोल पंप, स्टार्टर, चार्जिंग, ब्रेक लाईट, वायपर. पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, एसीची कंट्रोल, सगळं मुळापासून काढा. मग जे राहील त्याची अर्थिंग घासून, नवीन जाड वायर टाकून बॉडीला आणि इंजिनाला वेगवेगळी द्या. निम्म्याहून जास्त भुतं अर्थिंगमध्येच असतात. पेट्रोल पंपाला स्वतंत्र रिले आणि फ्यूज द्या. आणि एक मोठा लाल दिवा लावा तापमानासाठी, ऑइल प्रेशरसाठी दुसरा. रेसमध्ये माणूस काट्याकडे बघत नाही, दिवा पेटला तर बघतो.

जर्सी_गॅरेज

वायरमन भाऊंचं दिव्याचं शंभर टक्के पटलं. ड्रायव्हरला एकच नियम, लाल दिवा पेटला की त्याच लॅपला पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी), वाद नाही.

गिअरबॉक्स राहिला. त्याचं ऑइल रेडिएटरच्या आतून थंड होतं, म्हणजे इंजिन तापलं की तोही तापतो. वेगळा कूलर लावा, भंगारातल्या पिकअपचा मिळून जाईल. वळणांवर गिअर सतत वरखाली करायला लागला तर लिव्हर दोनवर ठेवा, फक्त लांब सरळ रस्त्यावर डीमध्ये.

पेट्रोल भरण्याचा सराव घरीच करा, रिकाम्या कॅनमध्ये पाणी घेऊन. इंजिन बंद, ड्रायव्हर बाहेर, भरणाऱ्याने पूर्ण सूट-हेल्मेट घातलेलं आणि दुसरा माणूस एक्स्टिंग्विशर धरून उभा. दोन टाक्या म्हणजे दोन झाकणं, दोन्हीकडे कोण हे आधीच ठरवा. आणि रेसच्या आधी कुठल्यातरी ट्रॅक डेला गाडी सलग तासभर पळवा, पंधरा मिनिटं पळून उपयोग नाही, डिफ आणि गिअरबॉक्स तापायला वेळ लागतो. परत आल्यावर गिअरबॉक्सच्या ऑइलचा रंग आणि वास कसा होता ते इथे लिहा, त्यावरून कूलर पुरतोय का ते सांगतो.