मदत हवी आहे : चर्चच्या मंडळीत दोन तट पडलेत, साध्या सभासदाने काय करावं?

सर्वांना सलाम.

मध्य मुंबईतल्या एका मराठी मंडळीत आम्ही आहोत. सासरे नगरहून आले तेव्हापासूनचं हे चर्च. मी पंचात नाही, महिला मंडळाची सेक्रेटरीही नाही; भक्तीला जाते, संडे स्कूलला शिकवते, एवढंच.

वाद सुरू झाला गीतांवरून. वडीलधाऱ्यांना 'उपासना संगीत' या जुन्या गीतपुस्तकातली गीतं हवीत, पेटी-तबल्यावर. तरुण संघाला गिटार, ड्रम आणि हिंदी कोरस. त्यात कमिटीची निवडणूक आली आणि गाण्याचं भांडण घराण्यांवर गेलं. व्हॉट्सअ‍ॅपचे दोन ग्रुप झाले. हंगामाच्या सणाला तर कहरच. लोक पिकं, भाज्या अर्पण म्हणून आणतात, मग त्यांचा लिलाव होतो. त्यात एक दुधी भोपळा निघाला. एका गटाने शंभर म्हटलं की दुसऱ्याचे दोनशे. साडेतीन हजारांना गेला! खजिनदार खूश, पण बोली लावणारे दोघे त्यानंतर प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या) विधीलाही एकमेकांकडे बघत नाहीत.

पूर्वी बहुतेक घरं चालत येण्याइतकी जवळ होती. आता कुणी कल्याणला, कुणी नालासोपाऱ्याला. मेगाब्लॉक असला की पहिलं गीत संपल्यावर पोचायचं आणि आशीर्वाद झाला की स्टेशन गाठायचं. माणसं एकमेकांना ओळखतात ती फक्त मेसेजवरून.

पाळकसाहेब नुकतेच बदलून आलेत, सगळं त्यांच्यावर ढकलणं मला पटत नाही. पद नसलेल्या माणसाला काय करता येईल? 'प्रार्थना करा' सोडून सांगा, ती चालूच आहे.

माजी पंच : ताई, आधी फॉरवर्ड बंद करा. कुणी तिसऱ्याबद्दल सांगू लागलं की 'त्यांच्याशी बोललात का?' एवढंच विचारा. मत्तय १८:१५ हेच सांगतं, आधी एकांतात त्याच्याकडे जा. आपण आधी ग्रुपवर जातो. आणि वडीलधाऱ्यांना एक आठवण करून द्या. देशी चालींवर ख्रिस्ती भजनं लिहिणारे कवी रेव्ह. ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला. त्याआधी भक्तीत विलायती चालींवरच्या भाषांतरित गीतांचा बराच भर असायचा. ज्या भजनांसाठी आज आपण भांडतो, तीही एकेकाळी नवीच होती.

रात्रपाळीची सिस्टर : आमच्या मंडळीत आजारी सभासदांना भेटायला जोड्या लावतो, मुद्दाम या गटातला एक, त्या गटातला एक. हॉस्पिटलबाहेर भेटीच्या वेळेची वाट बघत बसलं की माणूस बोलतोच. निदान लोकलच्या गर्दीबद्दल तरी.

हिशेबी : मी जरा उलट बोलतो. ऐक्य म्हणजे तोंड दाबून बसणं नव्हे. निवडणुकीमागे हिशेबाची तक्रार असेल तर वार्षिक सभेत उघड विचारा. प्रेषितांची कृत्ये ६ वाचा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही, सात जण निवडायला लावले. त्या सातांची नावं बघा, सगळी ग्रीक. म्हणजे कारभार बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच माणसांकडे दिला. तुमच्या कमिटीत तरुण संघाचे किती जण आहेत?

मूळ लेखिका : एकही नाही. हा मुद्दा लेखी देते, पण दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊनच. भेटीच्या जोड्याही लावून बघते (भोपळेवाल्या दोघांपासून सुरुवात नको, लिफ्टमध्येच जुंपेल). नाताळाला संडे स्कूलची मुलं टिळकांचं एक भजन म्हणणार आहेत. पेटीवर काका, गिटारवर तरुण संघातला एक मुलगा, दोघांनी हो म्हटलंय. अडचण एकच : काकांची पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून), ती सोडायला ते तयार नाहीत. मुलगा म्हणतो, त्या पट्टीत बोटं वळत नाहीत. कुणी वाजवणारं आहे का इथे?

माजी पंच : गिटारच्या पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून 'जी' (G) पट्टीत वाजवायला सांगा. काळी चारच येईल.