हायवे आणि ब्रिज एकाच मापाने मोजू नका

डोमिनियन या पत्त्यांच्या खेळात हायवे हे कार्ड त्या पाळीपुरती सगळी कार्डं 1 ने स्वस्त करतं. ते म्हणजे नुसतं एक नाणं वाढवून मिळणं, असं जे म्हटलं गेलंय ते एकच बाय (पाळीत खरेदी करायची संधी) असेल तोवर अगदी बरोबर आहे, उलट तेव्हा त्याच 5 किमतीचं मार्केट हे कार्ड सरसच, कारण ते नाणं देतं आणि वर एक बायही देतं. पण किंमत कमी होते ती प्रत्येक खरेदीवर, म्हणून बाय किती आहेत हे आधी बघायचं, मग कार्डाला नावं ठेवायची!

ब्रिज बघा ना, एक नाणं, एक बाय आणि सगळं 1 ने स्वस्त. 5 ब्रिज खेळलात तर प्रोव्हिन्स (जिंकायचे गुण देणारं मोठं कार्ड) 3 ला पडतो आणि हातात नाणी 5, म्हणजे एकच येणार, 6 खेळलात तर तीन आणि 7 वर थेट सात! म्हणून अर्धवट ब्रिज डेक मला अजिबात पटत नाही, ॲक्शन, म्हणजे आणखी कार्डं खेळायची संधी, पुरवणारी व्हिलेज कार्डं नसतील तर त्या वाटेला जाऊच नये.

आणि वर्कशॉप विसरू नका हो, ते 4 पर्यंतचं कार्ड फुकट देतं, त्यामुळे चार हायवे टेबलावर असले की बाय न वापरताच प्रोव्हिन्स उचलता येतो.