मदत हवी आहे: नागमोडी पट्ट्यांचा लांब स्वेटर-कोट, पाठ 10 सेंमी कमी भरते

झाडीची_लेक
भाची जानेवारीत दिल्लीला शिकायला चालली. तिच्यासाठी मिसोनी या इटालियन कंपनीच्या कोटासारखा नागमोडी पट्ट्यांचा, गुडघ्यापर्यंतचा स्वेटर-कोट विणून राहिली आहे. तयार घेणं आपल्याला परवडत नाही. एका अमेरिकन स्वेटरचा नमुना घेतला, फक्त लांबी वाढवते आहे. टाके तेवढेच, सुई तीच, तरी पाठ रुंदीला 54 सेंमीच्या जागी 44 भरते. दोनदा उसवलं. इथे अर्जुनी मोरगावला विचारायला कोणी नाही. लवकर सांगा.

वर्धेची_काकू
टाके किती? सुई कोणती? लोकर कोणती? न सांगता कसं कळणार बाई?

झाडीची_लेक
97 टाके. सुई 8 नंबर, नमुन्यात तीच आहे. लोकर आपली नेहमीचीच.

पांढरं_सोनं
लोकर कशाला ताई, सुती धाग्यात करा. आपल्या यवतमाळकडं एवढा कापूस पिकतो आन् आपणच अ‍ॅक्रिलिक घालतो! जीव जळतो माझा.

जुनी_सुई
भाऊ, कापसाबद्दल माझंही मन तेवढंच ओढतं, पण गुडघ्यापर्यंतच्या कोटाला सूत जड होतं. लोकरीसारखं ते आखडून जागेवर येत नाही. दोन महिन्यांत कोट पोटऱ्यांवर लोंबेल.

पांढरं_सोनं
माझ्या आईनं विणलेला सुती स्वेटर मी वीस वर्षं घातला.

जुनी_सुई
तो कमरेपर्यंतचा असेल. कोटाचं सगळं वजन खांद्यावर येतं.

यंत्रवाली_अमरावती
मिसोनी 1953 मध्ये इटलीत सुरू झालं, आणि त्यांचं ते प्रसिद्ध नागमोडी कापड राशेल नावाच्या विणकाम-यंत्रावरचं आहे. हाताच्या दोन सुयांवर हुबेहूब तसं येत नाही. हातानं लाट काढायची ती टाके वाढवून-घटवून. तो वेगळा पोत, पण मला तोही फार आवडतो.

गोंदियाचा_राजू
ताई, गोठणगावची तिबेटी वसाहत तुमच्या जवळच आहे. तिकडची मंडळी हिवाळ्यात स्वेटर विकतात, एखादा घेऊन टाका.

झाडीची_लेक
राजूभाऊ, विकत घ्यायचा असता तर विचारलं नसतं. मला भाचीला माझ्या हातचाच द्यायचा आहे.

वर्धेची_काकू
तुझ्या तुकड्यात 10 सेंमीला किती टाके बसतात? नमुन्यात किती दिलेत?

झाडीची_लेक
माझे 22. नमुन्यात 18.

जुनी_सुई
सापडलं! अमेरिकन 8 नंबर म्हणजे 5 मिमी. आपल्या दुकानातला 8 नंबर जुन्या इंग्रजी मापाचा, म्हणजे 4 मिमी. 5 मिमीला आपल्याकडे 6 नंबर म्हणतात. आपल्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्यात जाड.

यंत्रवाली_अमरावती
मग 6 नंबर घ्या, संपलं.

वर्धेची_काकू
नको! तिची लोकर बारीक दिसते. 5 मिमीवर विण सैल पडेल आणि कोट झोळीसारखा होईल. सुई तीच ठेव, टाके वाढव. एका लाटेला किती टाके?

झाडीची_लेक
12, आणि शेवटी 1 जास्तीचा.

वर्धेची_काकू
मग 97 म्हणजे 8 लाटा. 10 लाटा घे, 121 टाके. 22 च्या हिशेबानं 55 सेंमी होईल. मुंढा आणि बाही नमुन्याच्या ओळी मोजून करू नकोस, तुझ्या ओळी वेगळ्या भरतील. टेपनं सेंमी मोज. आणि 22 टाके साध्या विणीत मोजलेस की लाटेच्या?

झाडीची_लेक
साध्या.

वर्धेची_काकू
तर थांब. लाटेच्या विणीत रुंदी वेगळी येते. दोन लाटांचा तुकडा आधी विण, खाली वजनाला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगून ठेव, मग रुंदी-लांबी दोन्ही माप.

पांढरं_सोनं
चिमटे लावलेलं सूतही टांगून बघा एकदा.

झाडीची_लेक
काकू, तुकडा आत्ता घालायला बसते. उद्या माप टाकते. रंग बदलताना धागा कापायचा की कडेनं वर न्यायचा, तेही सांगा.

जुनी_सुई
पट्टा दोन-दोन ओळींचा असेल तर कापू नका. रंग एकाच कडेला बदलतो, धागा सैल सोडत वर न्या.